बापूकाकांनी न घेतलेलं विमान

काकीचा फोन आला तेव्हा मी मिरजोळ्यात कंपनीच्या कँटीनमध्ये जेवत होतो, आणि खरं सांगतो, उचलतानाच वैतागलो होतो. आठ महिने त्या घरातून फोन म्हणजे विमान, हे ठरलेलंच. "हां काकी, आता कुठे गंज दिसला त्यांना?" असं सवयीने म्हणालोसुद्धा, विमानाचा विषय तीन आठवड्यांमागेच मिटला होता तरी. मग ती म्हणाली, "जेवून आडवे झाले होते रे... हलवत्येय, तर उठत नाहीत." महिना होऊन गेला त्याला. माणूस गेल्यावर चांगलं लिहायचं असतं म्हणतात. लिहीन. पण आधी मला त्यांच्याशी भांडायचंय.

बापूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. खलाशी म्हणून बोटीवर गेले, परत येऊन जयगडला माल वाहायचा एक बार्ज घेतला, एकाचे सहा केले. पन्नाशीत लोक गुडघ्याला तेल लावतात, यांनी विमान चालवायचं लायसन काढलं. पुढे पंखा असलेलं क्लबचं छोटं विमान भाड्याने उडवायचे. साठी उलटली तशी नवी टूम निघाली... सेकंडहँड जेट! छोटंसं, सहा सीटांचं, दोन इंजिनांचं, एकट्या पायलटला उडवायची मुभा असलेलं. स्वतः घ्यायचं, शेजारी कोणाला न बसवता उडवायचं, आणि रत्नागिरीच्या धावपट्टीवर स्वतः उतरवायचं. "एकट्याने" हा शब्द ते इतका लांबवायचे की तेवढ्यात काकीची तव्यावरची भाकरी करपायची.

मला नकला येतात. शाळेत याच्यासाठी मार खाल्ला, काकांनी त्याच्यावर मला विमानतळाचा टॉवर केलं. संध्याकाळी ते पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर कागद घेऊन बसणार, आणि मी झोपाळ्यावरून नाकातल्या इंग्रजीत त्यांना उतरायची परवानगी देणार. एकदा मी टॉवरमधून आमच्या हेडसरांचा आवाज काढला, "उतरू नका, आधी पालकांना घेऊन या." हसले नाहीत. "मेल्या, वर माझं इंधन संपतंय आणि तुला मस्करी सुचत्येय?"

दिल्लीचा एक दलाल विमानं दाखवायचा. मी रजा टाकून सोबत जायचो, बॅग धरायला. काका विमान बघायचे ते जुनी बोट बघितल्यासारखं. आधी लांबून, मग वाकून, मग पोटाखाली शिरून. प्रत्येक रिबिटावर नख फिरवायचे, दाराच्या बिजागरीला नाक लावायचे. इंजिनात दुर्बीण घालून तपासतात, माणसाची एंडोस्कोपी करतात तशी, तिथे मेकॅनिकला बाजूला सारून स्वतः स्क्रीनला डोळा लावून बसायचे. आणि खाऱ्या वाऱ्याने गंज धरतो म्हणून शेवटी प्रश्न एकच, "हे समुद्राजवळ राहिलंय काय?" एक गोव्यात होतं... बाद. एक चेन्नईत... बाद. एक तर जन्मभर नागपुरात, सगळे खूष, पण यांनी लॉगबुक पहिल्या पानापासून वाचलं आणि मालकाने ते सुरुवातीला दोन पावसाळे कोचीला ठेवल्याचं शोधून काढलं. बाद! दलालाने कपाळाला हात लावला. परतताना गाडीत मी म्हटलं, "काका, बिनसमुद्राचं विमान शोधताय, पण आणणार कुठे? रत्नागिरीत ना? भाट्याच्या खाडीच्या वाऱ्यावर?" तर म्हणतात कसे, "आपला खार वेगळा." यावर माणसाने काय बोलावं, सांगा.

आठव्या महिन्यात मात्र सापडलं. राजस्थानातलं, कायम छपराखाली, कागद पूर्ण, इंजिनं स्वच्छ. काकांनी पोटाखाली तासभर काढला आणि बाहेर आले ते "बाद" न म्हणता. मालक म्हणाला, सोमवारपर्यंत हो की नाही सांगा, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. सोमवार आला. दलालाचे फोन वाजतायत आणि काका मोबाइल उलटा ठेवून नारळ सोलतायत! एक झाला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. इतक्या नारळांचं करायचं काय होतं?

काकीने मला मागच्या दारी बोलावलं. "हे माडीवर जाताना तीनदा बसतात हल्ली. तुला माहित्येय?" मला माहीत नव्हतं. "हे विमान आलं तर हे वर जाणार, आणि वर कोण आहे रे यांना धरायला? तू त्यांचा आवाज काढतोस ना? काढ. नको म्हणून सांग त्या माणसाला." मी म्हटलं, "काकी, हे बरं नाही." ती म्हणाली, "नसू दे." मी लावला फोन, तिच्याच मोबाइलवरून. घसा खाली उतरवला आणि काकांच्या हिंदीत म्हणालो, "वो विमान हमको नको. थँक यू."

संध्याकाळी पडवीत पाऊल टाकलं तर काका वाटच बघत होते. "ये, बस. दलालाचा फोन आलेला. विचारत होता, सर, तबियत ठीक है ना? आपने थँक यू बोला." मी जमिनीकडे बघितलं. "गाढवा, उभ्या जन्मात मी कोणाला थँक यू म्हटलंय काय? आणि इतका म्हातारा आवाज?"

"मग तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

"काय सांगणार? मीच होतो म्हटलं."

मला कळेना. मग सुपारी कातरत, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं. लायसनच्या तपासणीत डॉक्टरने त्यांचं हृदय बघून एकट्याने उडवायला मनाई केली होती. शेजारी दुसरा पायलट बसणार असेल तरच परवानगी. कधी? तर आंब्याच्या दिवसांत. म्हणजे नागपूरच्याही आधी, कोचीचे ते पावसाळे शोधून काढले त्याच्याही आधी!

"मग पायलट ठेवायचा ना शेजारी!"

"हौस माझी आणि शेजारी राखण? नको."

"मग आम्हाला गावोगाव कशाला फिरवलंत? तेव्हाच नाही म्हणायचं होतंत."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं रे," ते म्हणाले. "गंज बघत होतो... पण या वेळी मेल्याला कुठे सापडलाच नाही."

पुढे तीन आठवड्यांनी काका गेले. माझं भांडण अर्धंच राहिलं. माझी रजा, तुमचा तो खार... आणि काका, आधी सांगितलं असतंत तर मी तुमच्याशी असा बोललो असतो काय?

परवा काकीकडे गेलो तर ती माडीवर त्यांच्या खोलीत होती. तिथे भिंतीवर त्या जेटच्या कॉकपिटचं चित्र चिकटवलेलं आहे, खरं असतं तेवढंच मोठं. पायलट लोक पाठांतराला लावतात तसं. काही बटणांचा रंग बोट लागून लागून उडालाय. काकी ओल्या फडक्याने ते पुसत होती, एकेक चौकोन.

"हे बटण कसलं रे?"

"उतरायच्या वेळचा दिवा. धावपट्टीवर उजेड पडतो."

तिने ते जरा जास्त पुसलं. मग बाजूला सरून म्हणाली, "लाव."

आता कागदाचा दिवा काय लावायचा, सांगा. पण ती फडकं धरून उभीच राहिली. मग मी ते बटण दाबलं.