तीन चुली आणि खालचा पाला

घराला आग लागत असताना माणसानं काय करावं, हे मला नीट ठाऊक आहे. ती वेळ आली तेव्हा मी त्यातलं काहीही केलं नाही. मी कोटाची बटणं लावत होतो.

हकिगत गोंदियाची आहे. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होतो. आमचं गाव चोरखमाऱ्याकडचं. तलावाच्या पाण्यावर धान लावायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा लावायचं, एवढाच आमच्या घराचा इतिहास. त्यात मी पहिलाच शाळेच्या नादी लागलेला. बाबांनी मला गोंदियाला पाठवलं, पण एका अटीवर. बैलगाडीत माझी ट्रंक चढवताना त्यांनी ती सांगितली.

"चूल वेगळी ठेवजो. दुसऱ्याच्या हातचं खाल्लं असं कानावर आलं का शाळा बंद. त्याच दिवशी नांगर हातात देईन."

बाबा धमकी देत नसत. ते फक्त पुढं काय होणार ते सांगत.

गोंदियात विद्यार्थ्याला खोली मिळणं सोपं नव्हतं. धूर करणारे, रात्रभर दिवा जाळणारे आणि सणावाराला गावी पळणारे भाडेकरू कोणाला हवे असतात? शेवटी एका विडीच्या कारखानदारानं आपल्या गोदामावरचा माळा तिघांना मिळून दिला. आम्ही त्याला शेठजी म्हणत असू. खाली गोदामात छतापर्यंत तेंदूपत्त्याच्या वाळक्या पुड्यांची थप्पी. पुढच्या ओसरीवर बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायच्या. ज्या घरात रोज हजारो विड्या तयार होत, त्या घरात एकही विडी ओढायला बंदी होती. खुद्द शेठजी विडी ओढायला रस्ता ओलांडून समोरच्या कडुलिंबाखाली जात.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला खालचा पाला दाखवला. एक पान हातात चुरलं, त्याचा भुगा आमच्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, "देखो भाई, ये पत्ता है. कागज से पहले जलता है. समझे?"

आम्ही समजलो म्हणालो आणि वर जाऊन तीन चुली घातल्या.

तीन, कारण आम्ही तिघे होतो. मी, एक आमगावचा आणि एक भंडाऱ्याचा. आमगावचा माझ्यासारखाच शेतकऱ्याचा मुलगा, पण त्याची जात वेगळी. भंडाऱ्याचा एका मास्तरांचा मुलगा, ब्राह्मण. तो अंघोळ करून लोकरीची धाबळी नेसायचा आणि सोवळ्यात स्वयंपाक करायचा. तिघांच्याही घरून एकच ताकीद होती. अक्षर वेगळं, मजकूर तोच. माळ्याला चार कोपरे. एका कोपऱ्यात जिना, उरलेल्या तिघांत तीन चुली. तिघांच्या पाण्याच्या घागरीही वेगळ्या. खडूनं आखलेल्या हद्दी होत्या. दुसऱ्याच्या हद्दीत पाय टाकायचा नाही, दुसऱ्याच्या चुलीला आणि घागरीला बोट लावायचं नाही. या बाबतीत आमच्यात कधी भांडण झालं नाही. असा सलोखा मी नंतर कुठं पाहिला नाही.

माळ्याची जमीन लाकडी फळ्यांची. वर शेणामातीचा जाड थर. तो थर हीच काय ती आमच्या चुली आणि शेठजींचा पाला यांच्यामधली भिंत. शेठजींचं सांगणं एवढंच, की दर आठवड्याला सारवा, भेगा बुजवा. आम्ही मनापासून सारवायचो. प्रत्येकजण आपापल्या हद्दीपर्यंत. हद्दीच्या रेघेवर मात्र कोणी हात फिरवत नसे, कारण ती कोणाचीच नव्हती. तीन महिन्यांत बरोबर त्या रेघांवर भेगा पडल्या. आमगावचा आणि भंडाऱ्याचा यांच्यामधली सर्वांत रुंद. तिच्यातून खालच्या विड्यांवाल्या बायकांचं बोलणं ऐकू यायचं, आणि आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं.

तर त्या रविवारी दुपारी स्टेशनवर सर्कस उतरणार अशी बातमी आली. हत्ती होता म्हणे. आमगावच्याचा भात अर्धवट शिजलेला. त्यानं भांडं उतरवलं, चुलीतली लाकडं तशीच सोडली आणि जिन्यावरून खाली उडी मारली. जाताना ओरडला, "चल रे, हत्ती निंगून जाईन!"

मला कोट घालायचा होता. हत्तीपुढं जाताना माणसानं नीटनेटकं असावं, असं माझं मत होतं. भंडाऱ्याचा नुकताच नाहून धाबळी नेसून डाळ लावत होता. त्याला हत्तीत रस नव्हता.

दुसरं बटण लावताना मी पाहिलं, आमगावच्याच्या चुलीतलं एक लाकूड मधेच तुटलं आणि त्याचा जळता तुकडा बाहेर घरंगळला. घरंगळत गेला तो थेट भेगेत. आधी थोडा धूर आला.

"निखारा पडला," मी म्हणालो.

"कोणाचा?" भंडाऱ्याच्यानं मान न वळवता विचारलं.

"आमगावच्याचा."

"मग त्याला सांग."

"तो स्टेशनवर आहे."

भंडाऱ्याच्यानं डाळीत पळी फिरवली. "येईलच की."

मी तिसरं बटण लावलं. धूर वाढला. फळीची कड लाल दिसायला लागली.

"पाणी टाकायला पाहिजे," मी म्हणालो.

"टाक ना."

"माझी घागर रिकामी आहे. तू टाक."

"मी कसा टाकू? मी सोवळ्यात आहे. ती हद्द त्याची, निखारा त्याचा. तिकडं गेलो की परत अंघोळ. आणि पाणी संपलं तर अंघोळ कशानं करू?"

मला हे बिनतोड वाटलं. "मग त्याच्या घागरीतलं टाकू?"

"तू हात लावलास की त्याला ती घागर टाकून द्यावी लागेल. मातीची आहे," भंडाऱ्याचा म्हणाला. तो मास्तरांचा मुलगा असल्यानं कोणताही प्रश्न सर्व बाजूंनी पाहायचा.

आम्ही तो तसा पाहत असताना खालून एका बाईचा आवाज आला. ओसरीवरची सर्वांत वयस्कर बाई, तिला सगळे मोठी बाई म्हणत.

"ओ वरचे पोट्टेहो! ठिणग्या काऊन पाडून राहिले बापा? पाल्यावर पडून राहिल्या ना!"

ते ऐकून भंडाऱ्याच्याच्या चेहऱ्यावर जे झालं, ते मी अजून लोकांना करून दाखवतो. आधी तो शांत होता. मग त्याला ती पाल्याची थप्पी दिसली असावी, तिच्यावर माळा, माळ्यावर आपण. त्यानं आपली घागर उचलली, हद्द ओलांडली आणि सगळं पाणी भेगेत ओतलं. तरी फळी धुमसतच होती, तेव्हा त्यानं धाबळी फेडली, सांडलेल्या पाण्यात ओली केली आणि लंगोटीवर बसून ती लोकर भेगेवर दाबून धरली. लोकर पेट घेत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. एवढी पवित्र वस्तू एवढ्या कामाची असेल असं वाटलं नव्हतं.

मग मलाही लाज वाटली. मी आमगावच्याची घागर उचलली आणि रिकामी केली. खाली बायकांनी पेटलेल्या चार पुड्या ओढून अंगणात काढल्या होत्या. आमचं पाणी बाकीच्या पाल्यावर आणि मोठ्या बाईच्या डोक्यावर पडलं.

"विडी वळाच्या आधी पाला तं तसाबी भिजवाच लागते," ती वर पाहून म्हणाली. "मले कायले भिजवलं?"

एवढ्यात आमगावचा परतला. हत्ती मागूनच दिसला होता, त्यामुळे तो आधीच नाराज. त्यानं काळी पडलेली फळी पाहिली, ओली धाबळी पाहिली, लंगोटीतला भंडाऱ्याचा पाहिला. आणि मग त्यानं विचारलं,

"माह्या घागरीले हात कोणं लावला?"

शेठजी आले तेव्हा आम्ही तिघंही एका रांगेत उभे होतो. ते ओरडतील असं आम्हाला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. बोट दाखवून त्यांनी चुली मोजल्या.

"ये तीन क्यों?"

आम्ही समजावून सांगितलं. तिघांनीही, आपापल्या परीनं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "आग भी तीन जात की होती है क्या?"

मग त्यांनी निकाल दिला. वरच्या तिन्ही चुली आजच फोडायच्या. मागच्या अंगणात, पत्र्याखाली, एकच चूल. शेजारी वाळूचं घमेलं आणि भरलेल्या घागरी. आणि स्वयंपाक झाल्यावर लाकडं विझवून, जो शेवटी उठेल त्यानं राखेवर तळहात ठेवून पाहायचं. हाताला गार लागली तरच उठायचं. मंजूर नसेल तर उद्या सकाळी खोली खाली करायची.

परीक्षा दोन महिन्यांवर होती. दुसरी खोली मिळणार नव्हती. म्हणजे एक चूल नाही केली तर शाळा जाणार, आणि केली तर ती बाबांच्या कानावर जाऊन शाळा जाणार. मी त्यातल्या त्यात उशिरा जाणारी शाळा निवडली.

पहिला आठवडा भंडाऱ्याच्यानं रांधलं. ब्राह्मणाच्या हातचं कोणालाही चालतं, त्यामुळे तिघांचाही धर्म शाबूत राहिला. भात मात्र राहिला नाही. एकदा तो कच्चा असायचा, एकदा कोळसा. सातव्या दिवशी आमगावच्यानं त्याच्या हातातली पळी घेतली. त्या दिवशीचा भात आणि लाखोरीची डाळ आम्ही भांडं पुसून खाल्ली. भंडाऱ्याचा डोळे मिटून जेवला. दुसऱ्यांदा वाढून घेताना मात्र त्यानं ते उघडले.

राखेवर हात ठेवण्याचं काम मी मागून घेतलं. त्यात नाट्य होतं. मी बाही वर करायचो, डोळे मिटायचो, तळहात राखेवर टेकवायचो आणि डॉक्टरसारखा थोडा वेळ थांबून "गेली!" म्हणायचो. मग मला वाटलं, आगीची तालीमही हवी. एका दुपारी मी अंगणातून "आग! आग!" असं खणखणीत ओरडलो. भंडाऱ्याचा घागर घेऊन धावला, आमगावचा घमेलं घेऊन धावला, आणि ओसरीवरच्या सगळ्या बायका सूप, पाला, तंबाखू टाकून रस्त्यापलीकडं पळाल्या. तालीम उत्तम झाली. मोठ्या बाईनं परत आल्यावर मला जे ऐकवलं, त्यानंतर तालीम झाली नाही.

आणि मग एका दुपारी, न कळवता, बाबा आले. गाडीत माझ्यासाठी तांदळाचं पोतं. ते आवाजाचा माग काढत थेट मागच्या अंगणात पोचले. एक चूल. तिच्यापुढं आमगावचा पळी हलवतो आहे. तीन ताटं मांडलेली. एका ताटापुढं मी.

बाबांनी सगळं पाहिलं आणि मला म्हणाले, "ट्रंक भर."

मी उठलो. शेठजी दारात उभे होते. त्यांनी बाबांना नमस्कार केला आणि म्हणाले, "ले जाओ. मगर पहले ऊपर आके एक चीज देखो."

वर गेल्यावर त्यांनी भेगेवरचं गोणपाट सरकवलं. जळून झालेलं भगदाड तिथं तसंच होतं. शेठजींनी ते मुद्दाम बुजवलं नव्हतं. बाबा खाली बसले, मग पालथे झोपले आणि भगदाडाला डोळा लावला. खाली पाल्याची थप्पी होती. धान झोडल्यावर खळ्याशेजारी तणशीचा ढीग लावणारा माणूस वाळलेल्या पाल्याकडं कसा पाहतो, ते मी तेव्हा पाहिलं.

"इथंच झोपत होतास?" त्यांनी तसंच पडल्या पडल्या विचारलं.

"हो."

"पाणी कोणं टाकलं?"

"भंडाऱ्याच्यानं. मग मी आमगावच्याच्या घागरीतलं."

"तुह्या घागरीतलं?"

"माझी रिकामी होती."

बाबा उठून बसले. आता त्यांचा आवाज चढला. "रिकामी? खाली एवढा पाला भरला हाये अन् तू घागर रिकामी ठेवून राहिलास? काऊन? विहीर आटली होती? हात मोडले होते?"

ते पंधरा मिनिटं माझ्यावर ओरडले. सगळं घागरीबद्दल. चुलीबद्दल एक शब्द नाही. शेठजींना मधेच काहीतरी बोलायचं होतं, पण त्यांना संधी मिळाली नाही.

खाली आल्यावर ते जेवले नाहीत. गाठोड्यातले स्वतःचे मुरमुरे खाल्ले, तेही आमच्यापासून जरा दूर बसून. आम्ही मान खाली घालून जेवलो. आमगावच्यानं लाकडं विझवली, आणि मी बाही वर करणार तेवढ्यात बाबा उठले, चुलीजवळ वाकले आणि आपला तळहात त्या राखेवर ठेवला. त्या सगळ्यांच्या चुलीच्या राखेवर.

"गरम हाये अजून," ते म्हणाले. जवळची घागर उचलून त्यांनी पाणी शिंपडलं. ती कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही. पुन्हा हात ठेवला, धोतराला पुसला आणि गाडीकडं निघाले.

ट्रंकेचं काय, हे मी विचारलं नाही. फक्त म्हणालो, "आईला काय सांगाल?"

"काय सांगाचं? तीन चुली हायेत म्हणून सांगीन." ते गाडीत चढले. "जवळ जवळ हायेत, एवढंच."

पंधरा दिवसांनी गावची एक गाडी आली, तिच्यात आईनं पाठवलेलं बोचकं होतं. वर पापड, त्याखाली कुटलेलं तिखट, आणि सर्वांत खाली, फडक्यात गुंडाळलेला, एक नवा कोरा पितळी गंज. तीन जणांचा भात एकदम शिजेल एवढं पातेलं.