टॉवेलाची चुंबळ

माझ्या बापाच्या गळ्यात टॉवेल पडला तेव्हा टाळ्या वाजल्या. पाच मिनिटांनी त्याने तोच टॉवेल पिळून चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली, तेव्हा त्याहून जास्त वाजल्या.

सव्वीस जानेवारी होती. रावेर तालुक्यातलं आमचं गाव. शाळेच्या पटांगणात झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटून झाल्या, मग माझा सत्कार होता. मी डी.एड. होऊन जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागले होते. गावच्या मळ्यांत राबणाऱ्यांतली नोकरीला लागलेली पहिली मुलगी. मला शाल-श्रीफळ, बापाला टॉवेल-टोपी. सत्कार नानांच्या हस्ते. बाप ज्यांच्याकडे राबला ते हे नाना. त्यांच्या मळ्यात, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, आम्ही अठरा वर्षं राहिलो.

नाना माइकवर बोलायला उभे राहिले.

"हा पहाड्या आला तव्हा याच्या आंगावर धड कापड नव्हतं. संगं बायको, एक नागडी पोरगी आन् एक गोधडी. मी याले ठेवून घेतलं. आज ती नागडी पोरगी मास्तरीण झाली. पुण्याई कोनाची?"

"नानांची!" सतरंजीवरची पोरं ओरडली.

नागडी पोरगी म्हणजे मी. नवी साडी नेसून, मांडीवर नारळ धरून खुर्चीत बसलेली. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. अंगावर साडी असून मला पदर ओढून घ्यावासा वाटला.

मग नानांनी हात केला. दोन माणसांनी केळीचा एक घड स्टेजवर आणला, ताजा कापलेला, दांड्यातून चीक गळत होता. म्हणजे हे आधीच ठरलेलं होतं. फोटोवालाही पुढे सरकला.

"दाखव रे याहिले, तू कसा घड न्यायचा ते."

बाप हसला. हसला, हे मी लपवणार नाही. पन्नाशी ओलांडलेला माणूस, दोन्ही गुडघे गेलेले. त्याने टोपी काढून खिशात कोंबली. गळ्यातला कोरा टॉवेल काढला, झटकला, पिळला, गोल गुंडाळला आणि डोक्यावर बसवला. असं कर म्हणून त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सत्काराच्या टॉवेलाची त्याने चुंबळ केली. तालुक्याहून आलेले पाहुणे पोट धरून हसले. बायकाही तोंडाला पदर लावून हसल्या. घड डोक्यावर चढला आणि बाप फोटोसाठी सरळ उभा राहिला.

माझा बाप कसा आला हे गावाने नानांच्या तोंडून पन्नास वेळा ऐकलं आहे. लग्नात, बारशाला, पाहुणा आला की चहासोबत. आता माझ्याकडून ऐका.

आम्ही सातपुड्यापलीकडचे, मध्य प्रदेशातल्या निमाडातले. तिकडे आम्हाला बारेला म्हणतात, इकडे पावरा. तिकडे जंगलखात्याने आमचं नेवाड बंद केलं, म्हणजे जंगलात साफ करून पेरलेली जमीन काढून घेतली, तेव्हा बाप डोंगर उतरला. मी तीन वर्षांची होते. नागडी असेनही. तीन वर्षांचं कुठलं पोर त्या काळात कपड्यात असायचं? नानांची नातवंडं ओसरीवर नागडीच खेळायची. त्यांचं कोणी भाषणात सांगत नाही.

नानांनी बापाला ठेवून घेतलं, कारण नाल्याकाठचं रान पडीक होतं. बाभळी आणि दगड. गावातला कोणी गडी तिथे हात घालायला तयार नव्हता. बापाने आणि मायने दोन उन्हाळे ते रान साफ केलं. मुळं खणली, दगडांचा बांध रचला. तिसऱ्या वर्षी तिथे केळी लागली. मळ्यात ट्रक शिरत नव्हता, म्हणून प्रत्येक घड डोक्यावर बांधापर्यंत यायचा, तिथून गाडीत, गाडीतून रावेर स्टेशनावरच्या वॅगनमध्ये, आणि वॅगन दिल्लीला. बापाने दिल्ली पाहिली नाही. त्याची मान मात्र कायमची एका बाजूला झुकली. त्याच रानाच्या जोरावर नानांनी दुसरी विहीर पाडली, ट्रॅक्टर घेतला, गावात स्लॅबचं घर बांधलं. आणि बाप? सालदाराचा शेवटी हिस्सेकरी झाला. दोन एकर केळी निम्म्या हिश्श्याने. तेही बोलीवर, कागद नाही. त्या दोन एकरांवर मी शिकले. आमची प्रगती म्हणतात ती एवढी.

नऊ वर्षांची असताना मी नानांचं अंगण झाडत होते. त्या दिवशी त्यांच्याकडे भाट आला होता. हे भाट घराण्यांच्या वंशावळी सांभाळतात, काही वर्षांनी येतात आणि वाचून दाखवतात. ओसरीवर गादी घातली होती. सगळं घर आंघोळ करून बसलं होतं. भाटाने लाल कापडातली पोथीएवढी वही सोडली आणि सूर लावून वाचायला लागला. गुजरातेत दुष्काळ पडला, मुलुख ओस पडला, मग नानांच्या पूर्वजांनी गाड्या जुंपल्या, तापी ओलांडली, या काळ्या मातीत उतरले. बायकांनी डोक्यावरून पदर घेतला. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी झाडू घेऊन खांबाला टेकून ऐकत राहिले. मला ते फार आवडलं. वाचन संपलं तेव्हा मी भाटाला म्हटलं, "आमचं बी वाचा ना."

ओसरी फुटेस्तोवर हसली.

नाना म्हणाले, "तुमचं काय वाचाचं वं? तुमी त पोटासाठी आले."

मी परत झाडायला लागले. नऊ वर्षांच्या डोक्यात जे आलं ते मी तेव्हा बोलले नाही. पण आलं होतं. दुष्काळ पडला म्हणून आले, म्हणजे तेही पोटासाठीच आले ना? फक्त ते गाड्यांतून आले आणि आम्ही पायी. एवढ्या फरकावर त्यांच्या येण्याला पूजा आणि आमच्या येण्याला टवाळी.

डी.एड.च्या वेळची गोष्टही सांगते, कारण सत्काराच्या त्या भाषणात नाना पाहुण्यांना म्हणाले होते, "सरकारनं याहिच्यासाठी जागा ठेवल्या, म्हनून झालं." झूठ. मला जातीचा दाखला मिळालाच नाही. इकडचे म्हणाले, बाप पलीकडचा, दाखला पलीकडून आण. पलीकडचे म्हणाले, मुलगी महाराष्ट्रात वाढली, तिकडेच माग. बाप माझ्यासाठी चार वेळा घाट चढला-उतरला. शेवटी मी खुल्या जागेवर लागले, मार्कांवर. ज्यांच्या घरात ट्यूशन आणि टेबलफॅन होता त्यांच्या पोरांच्या रांगेत उभी राहून. नानांचा धाकटा नातू त्याच वर्षी बारावीला नापास झाला. त्याची पुण्याई कोणाची, हे मात्र कोणी माइकवर विचारलं नाही.

तर स्टेजवर बाप घड घेऊन उभा होता. फोटोवाला म्हणाला, "अजून एक. मामा, हसा." बाप हसला. त्याचा डावा गुडघा लटपटायला लागला. मी तो बघितला. दुसऱ्या कोणीही बघितला नाही, की बघून सोडून दिला, देव जाणे.

मी उठले. नारळ खुर्चीत ठेवला. बापाच्या डोक्यावरचा घड दोन्ही हातांनी उतरवला. मला जड गेला नाही, बारा वर्षं मीही तेच केलं होतं. तो नेऊन नानांच्या समोरच्या टेबलावर ठेवला. हारांचं ताट खाली पडलं. माइक समोर होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"नाना, हा आता तुम्ही उचलून दाखवा. घड तुमच्याच मळ्यातला आहे."

कोणी हसलं नाही. मी बापाचा हात धरला आणि स्टेजवरून खाली उतरवला. शाल तिथेच राहिली.

आता वाचणाऱ्याला वाटेल, बापाची छाती फुगली असेल. छे. खोलीवर आल्यावर बापाने मला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. एकवीस वर्षांच्या, नोकरीला लागलेल्या पोरीला. मारून झाल्यावर तो उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "तू मले गावात तोंड दाखवाले जागा ठेवली नाही." मी म्हटलं, "बा, ते तुम्हाला हसत होते." मग त्याने मला खरंच विचारलं, "मंग टॉवेल घड उचलाले नाही त कशाले दिला व्हता?"

त्या प्रश्नाने मला जेवढा राग आला तेवढा नानांचा कधी आला नाही. तो राग बापावर नव्हता. अठरा वर्षं राबवून एका माणसाची अशी गत करतात, की कपडा मानाचा असू शकतो हेच त्याला सुचत नाही. त्याच्या हातात पडलेली प्रत्येक गोष्ट कामासाठीच असणार. हे करणाऱ्याला गाव दयाळू म्हणतं. हाच तो दयाळूपणा!

दुसऱ्या दिवशी नानांचा मोठा मुलगा आला. खोलीत आला नाही, बांधावरून बोलला. पोरीने घरी यावं, पाच माणसांत नानांच्या पाया पडून माफी मागावी. नाही तर खोली खाली करा आणि दोन एकर सोडा.

बाग निसवायला लागली होती. केळफुलांची कमळं बाहेर पडत होती, अजून चार महिन्यांत घड तयार झाले असते. सगळ्या वर्षाची मेहनत उभी होती आणि कागद एकही नव्हता. बापाने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत मागणं होतं, ते मला आजही दिसतं. मी नाही म्हटलं. बापाची बाग मी घालवली. नानांनी काढून घेतली हे खरं, पण माझ्या एका शब्दावर ती वाचली असती आणि तो शब्द मी दिला नाही. याची टोचणी मला आहे. पश्चात्ताप नाही.

माय उठली आणि चुलीवरचं पातेलं उतरवायला लागली. म्हणाली, "इठी चूल म्याच मांडली व्हती. मीच उचलते."

टेम्पो भरत असताना तो मोठा मुलगा बांधावर उभाच होता, बाग पळवून नेतो की काय म्हणून. म्हणाला, "आले तसे चालले."

मी म्हटलं, "नाही भाऊ. आलो तेव्हा इथे बाभळी होत्या."

आम्ही माझ्या शाळेच्या गावी, धुळ्याकडे, भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. बाप तिथे रुळला नाही. त्याला काम नसलं की काय करायचं ते कळत नाही. माझ्याशी तो वर्षभर नीट बोलला नाही.

तिसऱ्या वर्षी निरोप आला, नाना गेले. बाप सकाळीच आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून दारात उभा राहिला.

"चाल वं पोरी. मेलेल्या मान्साशी कसलं वैर?"

"तुम्ही जा, बा. मी नाही येणार."

"लोक काय म्हनतीन?"

"म्हणू द्या."

तो एकटा गेला. मी शाळेत गेले, हजेरी घेतली, तिसरीला भागाकार शिकवला. आपल्याकडे मयताला न जाणं याचा अर्थ काय होतो, हे मला कोणी सांगायला नको. तो अर्थ माहीत असूनच मी गेले नाही. परतल्यावर बापाने सांगितलं, तिथे भाषणं झाली आणि दोघांनी आमचा दाखला दिला. नाना किती दयाळू होते, एका पहाड्याच्या नागड्या पोरीला मास्तरीण केलं.

म्हणजे माणूस गेला तरी गोष्ट तीच चालू आहे. मग मीही थांबणार नाही. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, मी बोलणार. जो कोणी माझ्यासमोर उपकार हा शब्द काढेल, मग तो हेडमास्तर असो, सरपंच असो की माझा स्वतःचा बाप, त्याला मी तिथल्या तिथे अडवणार आणि सगळं पहिल्यापासून ऐकवणार. रान पडीक होतं. माणूस धडधाकट होता. अठरा वर्षांनी रानात केळी होती आणि माणसाचे गुडघे गेले होते. आता सांगा, कोणी कोणाला पोसलं?