पेठे डॉक्टरांचा सोन्याचा कण

मुरलीधर पेठे ग्लासगोच्या एका मोठ्या इस्पितळात जन्मभर लोकांना भूल देत आले. भूल देणाऱ्याचं नाव पेशंटला कधी आठवत नाही; आठवतो तो सर्जन. पेठे डॉक्टरांचं मात्र उलटं होतं. सुई टोचता टोचता ते सांगायचे, "दर उन्हाळ्यात मी वर किल्डोननला सोनं शोधायला जातो, ठाऊक आहे?" पेशंट "खरंच?" म्हणता म्हणता झोपायचा आणि शुद्धीवर आला की पहिला प्रश्न विचारायचा, "मग, सापडलं का?"

थाप नव्हती ती. स्कॉटलंडच्या पार वरच्या टोकाला किल्डोननचं खोरं आहे. दीडएकशे वर्षांपूर्वी तिथल्या नदीत सोनं निघालं म्हणून माणसं धावली, तंबूंचं गाव उभं राहिलं आणि बघता बघता उठूनही गेलं. आता तिथे मेंढ्या, वारा आणि हौशी लोकांना वाळू धुवायची मुभा. दिवसभर कंबर मोडली तर रव्याएवढा एक कण मिळतो, तोही नशीब असलं तर. पेठे मंडळी एकदा रस्ता चुकून तिथे पोचली आणि मग उत्तरेकडची प्रत्येक सहल त्या मुक्कामावाचून अडायला लागली. तांदूळ रोळावेत तशी डॉक्टर वाळू रोळत बसायचे. "डोंगर पोखरून उंदीर म्हणतात," त्यांच्या पत्नी श्यामलाबाई म्हणायच्या, "इथे तर उंदराची मिशीसुद्धा नाही."

जो कण मिळे तो ग्लासगोला येऊन कुणाच्या तरी हातात जाई. वॉर्डातली सिस्टर, पोस्टमन, शेजारची नवी नवरी. स्वतःसाठी एक ठेवला नाही. श्यामलाबाई वरवर चिडत, पण नवऱ्याचा हा उधळेपणा त्यांना मनापासून आवडायचा.

मग एका हिवाळ्यात डॉक्टरांची स्वतःची बायपास झाली. उत्तम झाली. सर्जन म्हणाला, आणखी वीस वर्षं बघायला नको. पण इतरांना हसतखेळत भूल देणारा हा माणूस स्वतः भुलेतून उठला तो गप्प होऊन. घरी आल्यावर त्यांनी निरवानिरव सुरू केली. जिवापाड जपलेला कॅमेरा मुलाला, अनुपला, देऊन टाकला. भर थंडीत पंपावर उभं राहून श्यामलाबाईंना पेट्रोल भरायला शिकवलं. घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला तर कुठलं बटण दाबायचं तेही शिकवलं. "तुला हे यायला हवं गं आता." श्यामलाबाईंना ते पहिल्याच दिवशी आलं. पण आपण सगळं शिकलो की हा माणूस जायला मोकळा होईल, या भीतीने त्या दर आठवड्याला ते बटण विसरायच्या.

दोन हजार सातच्या जुलैत अनुप आणि सून वैभवी मिल्टन कीन्सहून आले, सोबत त्यांची इरावती. एकाच गाडीत कोंबून सगळे उत्तरेला निघाले. किल्डोननचा मुक्काम पडला तो नेमका इरावतीच्या पहिल्या वाढदिवसाला.

"या वर्षीचा कण कुणाला देणार नाही हं," नदीत उतरताना डॉक्टर म्हणाले. "हा माझा. शेवटी तोंडात सोन्याचा कण लागतो ना? ग्लासगोत ऐन वेळी सोनार कुठे शोधत बसाल? तुळस खिडकीत आहेच."

"बाबा, प्लीज! स्टॉप इट," अनुप म्हणाला. वैभवी उगाचच बाबागाडीचं झाकण नीट करायला लागली.

श्यामलाबाई काठावर मिजेस नावाची ती चावरी चिलटं हाकलत बसल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी काही सापडू नये म्हणून देवाला हात जोडले. देवही चिलटं हाकलण्यात गुंतला असावा, कारण दुपार कलता कलता डॉक्टरांनी पाण्यातूनच हात वर केला. "झाली सोय!" ते ओरडले. त्या आवाजात जुना आनंद होता, आणि तोच श्यामलाबाईंच्या काळजाला झोंबला. कण काचेच्या इवल्याशा बाटलीत गेला, बाटली शर्टाच्या खिशात.

संध्याकाळी मुक्कामाच्या बी अँड बीच्या दिवाणखान्यात केक कापून झाल्यावर श्यामलाबाईंनी मालकिणीकडून चमचाभर मध मागून आणला. बाळ जन्मलं की त्याला सोन्याने मध चाटवायचा, ही आपली रीत. पण इरावती झाली तेव्हा घरी बाळ बघायला येणाऱ्या हेल्थ व्हिजिटरने बजावलं होतं, वर्षाच्या आत मध अजिबात नाही, आणि डॉक्टरांनीही तिचीच री ओढली होती. वर्षभर थांबलेल्या आजीने आता अंगठी काढायला घेतली, तर ती सुजलेल्या बोटातून निघेना.

"अगं, ताजं सोनं असताना अंगठी कशाला?" डॉक्टरांनी खिशातून बाटली काढली. "मधात बुडव, चाटव आणि आठवणीने परत दे."

वैभवीने कणावर केटलमधलं उकळतं पाणी ओतलं. श्यामलाबाईंनी तो मधाच्या बोटावर घेतला. इरावतीने आ केला. रीतीप्रमाणे सोनं नुसतं जिभेला लावायचं असतं. श्यामलाबाईंनी बोट चांगलं आत घातलं आणि ते लख्ख होऊन बाहेर आलं.

"अगं, कण कुठाय?"

"गेला तिच्या पोटात. तिचं पहिलं सोनं."

"आणि माझं?"

"पुढच्या वर्षी या आणि दुसरं शोधा. नाही मिळालं तर त्याच्या पुढच्या वर्षी. तोवर जायचं नाव काढायचं नाही, सांगून ठेवते!" श्यामलाबाईंचा आवाज चिरकला. "आणि तो बॉयलर मला येतो. पहिल्या दिवसापासून येतो. पण मी तो लावणार नाही. तो तुम्हीच लावायचा. मला एकटीला नाही राहायचं हो."

डॉक्टरांनी रिकामी बाटली परत खिशात टाकली. मग अगदी डॉक्टरी सुरात म्हणाले, "सोनं पचत नाही, बरं का. उद्या नॅपीत सापडेल."

"मग बसा रोळत!"

आणि पेठे डॉक्टर हसले. छातीवरच्या टाक्यांच्या जागी हात दाबून, डोळ्यांत पाणी येईतो हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

सकाळी गाडीत सामान भरताना अनुप गाठ मारलेली पिशवी दोन बोटांत धरून आला. "बाबा, तुमचं सोनं. चाळायचंय का?"

"टाक रे ते," डॉक्टर म्हणाले, "आणि माझा कॅमेरा परत दे."