बंद इंजिनातला ठोका

आधीच सांगतो, भूतबित मी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो, आज सत्तरी उलटल्यावरही नाही. वाचून कुणी म्हणेल, "काका, लिंबू-मिरची बांधा"... खुशाल म्हणा! गाड्या दुरुस्त करण्यात जन्म गेलाय माझा. आवाज कुठून येतो हे शोधायला मला मांत्रिक लागत नाही.

शहात्तर साल असेल. सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं पत्र्याचं गॅरेज होतं. भर दुपारी रहीमचाचा त्यांची टॅक्सी घेऊन आले. लेकीचं बाळंतपण माहेरी झालेलं, चाळीस दिवस भरले होते, दुसऱ्या दिवशी तिला नि बाळाला दुधनीला सासरी सोडायचं होतं. आणि इंजिन ठोके देत होतं.

"बेटा, आवाज लई बेक्कार आता. ऐसी गाडी में बच्चीकू कैसा बिठाऊं?"

"चाचा, बसा की गप. च्या घ्या. आत्ता शोधतो," मी म्हणालो.

आमची रीत सोपी. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला. मग एकेका प्लगची वायर काढायची. जी काढल्यावर ठोका दबतो, तिथलं बेरिंग गेलं. चारही काढून बघितल्या. ठोका जसाच्या तसा! वैतागून चावी बंद केली, इंजिन थांबलं...

आणि कानात — ठक्... ठक्... ठक्.

तुम्ही म्हणाल, तापलेलं लोखंड निवताना वाजतंच. अहो, ते मला शिकवता? ते कसंही वाजतं आणि विरत जातं. हे एका तालात चाललं होतं. पाच मिनिटं... दहा मिनिटं... खोटं कशाला बोलू, भीती वाटली. पण त्याहून जास्त राग आला. माझ्याच गॅरेजात येऊन मलाच भिववतोस होय? म्हटलं, "वाज लेका, किती वाजतोस ते बघतोच!"

"किससे बात कर रा?" चाचांनी बाकावरून विचारलं.

"इंजिनाशी!"

टोक सरकवत गेलो. इंजिनावरून चेसीच्या सांगाड्यावर — आवाज मोठा. तिथून खाली डाव्या चाकाकडं — आणखी मोठा. गाडीखाली शिरलो. स्टिअरिंगच्या सांध्याला टोक लावलं तर कान बधिर व्हायची वेळ आली. बघतो तर तिथला नट शेवटच्या आट्यावर लोंबतोय. नट सुटू नये म्हणून आडवी घालायची स्प्लिट पिन... नव्हतीच.

आठच दिवसांपूर्वी तो सांधा मीच बसवला होता. पिन दातात धरून काम करायची माझी सवय. मध्येच शेजारच्या पंक्चरवाल्याशी भांडायला पिन तोंडातून काढली, आणि घालायची राहिली ती राहिलीच. दुधनीला जाताना अक्कलकोट रोडला चाक भलतीकडंच वळलं असतं. आत चाचा, त्यांची लेक, चाळीस दिवसांचं बाळ. मला गाडीखालीच रडू फुटलं.

नट आवळला, नवी पिन घालून टोकं वाकवली. त्याच क्षणी ठोका बंद! इंजिन चालू केलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं. काही नाही.

"क्या था, बेटा?"

"बेरिंग," मी म्हणालो.

बंद गाडीत काय वाजत होतं, ते मला आजही सांगता येत नाही. कुणा इंजिनिअरला येत असेल तर सांगा, ऐकून घेईन. पण पिन मी विसरलो होतो, हे चाचांना सांगायचं धाडस ते असेपर्यंत मला झालं नाही. लेकीला सोडून आल्यावर "असा मिस्त्री सोलापुरात दुसरा नाही" असं ते सगळ्या नाक्याला सांगत सुटले. दुधनीहून आणलेला पेढा त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातला, आणि मी तो खाल्ला.