कन्हार मातीवरचं हॉस्टेल

काच तडकली होती. जिन्याजवळच्या भिंतीतल्या भेगेवर मी आडवी चिकटवलेली बोटभर रुंदीची काचपट्टी मधोमध दुभंगली होती. मी पायरीवरच थांबले. वरच्या मजल्यावर मुली बोलत होत्या, कुठल्यातरी खोलीत बादली भरत होती, आणि मला त्या इमारतीच्या आत एक पाऊलही पुढे टाकावंसं वाटेना.

ही काचपट्टी आमच्या कामातलं सगळ्यात साधं साधन. भेग जुनी आहे की अजून वाढते आहे, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून भेगेच्या दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिस लावून वर पातळ काच चिकटवायची. भिंत स्थिर असेल तर काच तशीच राहते. जराही हलली तर तडकते. काच तडकली याचा अर्थ एवढाच, की भिंत हलते आहे. का हलते आहे आणि कुठवर हलणार, हे काच सांगत नाही. तेव्हा तेच मलाही माहीत नव्हतं.

मी नव्या रायपुरातल्या कामांसाठी स्ट्रक्चरल डिझाइन करणाऱ्या एका ऑफिसात होते. बी. ई. सिव्हिल झालेली, थोडाफार अनुभव असलेली. हे हॉस्टेल नर्सिंग शिकणाऱ्या मुलींचं. दुमजली, बांधून फार काळ न झालेलं. वॉर्डन साहू मॅडमनी तक्रार केली होती, की एका बाजूच्या खोल्यांची दारं अडकतात आणि जिन्याजवळ भेगा पडल्यात. आमचे बॉस मिश्रा सर दुसऱ्या साइटवर गुंतले होते, म्हणून मला पाठवलं. मी फोटो दाखवले. सर म्हणाले, प्लास्टर का क्रैक है, सेफ लिख दो. मी लिहिलं नाही. थोडी मुदत मागितली आणि काचा चिकटवून आले.

त्याच दिवसांत माझं दुसरंच चाललं होतं. एम. टेक.च्या दोन ॲडमिशन हातात होत्या. एक दक्षिणेतल्या मोठ्या नावाच्या संस्थेत, स्ट्रक्चर्स या शाखेत. दुसरी नागपूरला, जिओटेक्निकल, म्हणजे माती आणि पायाचं शास्त्र. कळवायची मुदत जवळ आली होती. तिसरा पर्याय कुठेच न जाण्याचा. मिश्रा सरांनी सीनियर डिझाइनरची जागा देईन म्हणून सांगितलं होतं, आणि ते शब्दाला जागणारे गृहस्थ होते. ऑफिसातल्या सगळ्यांचं मत मोठ्या नावाकडे. माझंही तिकडेच होतं. नागपूरचा अर्ज मी केवळ हाताशी असावा म्हणून भरला होता.

बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. रायपूरच्या तात्यापारा वस्तीतल्या आमच्या घरी सकाळी चहा पिताना मी त्यांना सांगितलं, "बाबा, मले त्या हॉस्टेलचं भेव लागून राहिलं." ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "भेव लागते तं त्या मिश्रालेच पाठव ना. तू काहून एकटी जाऊन राहिली?" त्यांचं बरोबर होतं. पण भीती इमारतीत शिरायची नव्हती, निदान तेवढीच नव्हती. त्या कागदावर सेफ लिहिलं की तो माझा शब्द होणार होता. आणि त्या शब्दाखाली काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. रात्रभर मुली त्याच भिंतींच्या मधे झोपत होत्या. एकीने मला जिन्यात अडवून विचारलंही होतं, दीदी, कुछ होगा तो नहीं? देख रहे हैं, एवढंच मी म्हटलं.

काच तडकल्यावर मी बाहेर येऊन स्कूटीजवळ उभी राहिले. उन्हाने सीट तापली होती. रुंद रस्त्यावर लांबवर एकही गाडी नव्हती. सरांना फोन लावण्याआधी मला कोणीतरी जाणकार हवं होतं, आणि माझ्या फोनमध्ये जाणकारांचे दोनच नंबर होते. दोन्ही ॲडमिशनच्या निमित्ताने मिळालेले.

आधी मोठ्या संस्थेतल्या सरांना लावला. ते अतिशय सौजन्याने बोलले. फोनवर सांगणं कठीण आहे, तुम्ही जॉइन झालात की ड्रॉइंग घेऊन या, आपण सॉफ्टवेअरवर मॉडेल करून बघू, म्हणाले. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. पण जॉइन व्हायला अवकाश होता आणि मुली आज तिथे होत्या.

मग नागपूरला वैद्य मॅडमना लावला. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भेग वर रुंद आहे की खाली?"

मी म्हटलं, बघितलं नाही.

"मग आत जा आणि बघ. मी फोन चालू ठेवते."

मी आत गेले. भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी उतरली होती. वर केसाएवढी बारीक आणि खाली नखभर रुंद. मी सांगितलं. त्यांनी माती कुठली म्हणून विचारलं. मी म्हटलं, कन्हार. छत्तीसगढमध्ये काळ्या चिकण मातीला कन्हार म्हणतात. भिजली की फुगते, वाळली की आक्रसते आणि जमिनीला भेगा पडतात. मग त्यांनी विचारलं, की इमारतीच्या त्या कोपऱ्याजवळ पाणी कुठून येतं.

मी बाहेर मागच्या बाजूला गेले. सगळीकडे जमीन वाळून फुटली होती. फक्त त्या कोपऱ्यापाशी फटी नव्हत्या, आणि तिथलं गवत भर उन्हाळ्यात हिरवं होतं. आत लागूनच स्वयंपाकघर होतं.

मॅडमनी समजावलं ते मी आज जसंच्या तसं सांगू शकते. आपल्याला वाटतं, इमारत नेहमी खचते. पण कडेला भेग खाली रुंद असेल तर बहुतेक वेळा तो कोपरा खचत नसतो, उचलला जात असतो. खालची माती पाणी पिऊन फुगते आणि पायाला वर ढकलते. बाकीची इमारत जागेवर, एक कोपरा वर. मधल्या बीमची त्यात ओढाताण होते.

मी विचारलं, हे धोक्याचं आहे का. मला वाटलं होतं, त्या हो किंवा नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "इथून मला सांगता येणार नाही. पण तू सांगतेस ते ऐकून मलाही भीती वाटते आहे. कारण नंतर शोध. आधी मुलींना तिथून हलव."

मग मी मिश्रा सरांना फोन केला. सेफ लिहिणार नाही, ती बाजू आजच रिकामी करायला हवी, एवढंच बोलले. त्यांनी विचारलं,

"ग़लत निकली तो?"

"तो मेरी ग़लती होगी, सर. मैं लिखकर देती हूँ."

ते म्हणाले, कुछ मत लिखो, मैं आ रहा हूँ. आले तेव्हा चिडलेले होते. मी जिन्याजवळच्या बीमवरचं प्लास्टर काढायला सांगितलं. प्लास्टर निघालं, तशी आतल्या काँक्रीटमध्ये, बीम जिथे कॉलमला मिळते तिथे, तीच भेग दिसली. म्हणजे ती प्लास्टरची नव्हतीच. सरांनी हातातली बॅटरी बंद केली, साहू मॅडमना बाजूला बोलावलं आणि त्यांच्याशी हळू आवाजात बोलले. दिवस मावळायच्या आत मुली गाद्या, बादल्या, पुस्तकं घेऊन शेजारच्या ट्रेनिंग हॉलमध्ये गेल्या. ऑफिसकडून गेलेल्या पत्रावर सरांनी स्वतः सही केली. माझं नाव त्यात घातलं नाही. ते मला वाचवत होते की डावलत होते, हे मी कधी विचारलं नाही.

पुढे बीमखाली लोखंडी टेकू लावले आणि कोपऱ्यात खड्डा खणला. स्वयंपाकघराच्या सांडपाण्याच्या पाइपचा जोड उघडा निघाला. पायाखालची माती हाताला लोण्यासारखी लागत होती. पाइप बदलला, भोवती पाणी मुरू नये म्हणून फरशी घातली, बीम दुरुस्त केली. पावसाळा गेल्यावर, नव्या काचा शाबूत राहिल्या तेव्हा मुली परत आल्या.

काहीही पडलं नाही. मुली तिथेच राहिल्या असत्या तरी कदाचित पडलं नसतं. ऑफिसात एकजण हसत म्हणालाच, बेकार में डर गए. त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे पुरावा नव्हता, आणि आजही नाही. आमच्या कामात बरोबर घेतलेला निर्णय बहुतेक वेळा असाच दिसतो.

मोठ्या संस्थेला नकार कळवताना मी हॉस्टेलच्या जिन्यापेक्षा जास्त घाबरले होते. आयुष्यभर पस्तावशील, असं निदान चारजणांनी सांगितलं. बाबा म्हणाले, "येवढं मोठं कॉलेज सोडून नागपूरले काहून जाऊन राहिली तू?" मी म्हटलं, तिथल्या मॅडमनी मले एक प्रश्न विचारला, तो विचारावा लागते हेच मले माहीत नव्हतं. त्यांना ते पटलं नाही. तरी स्टेशनवर सोडायला आले आणि गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभे राहिले.

आता मी इमारतींच्या पायांचंच काम करते. भेगा बघायला जाताना अजूनही भीती वाटते. पुढच्या शिक्षणाबद्दल मुलं विचारायला येतात, कुठे जावं, जावं की नाही. मी त्यांना संस्थांची नावं सांगत नाही. ज्याची तुम्हाला खरोखर भीती वाटते तो प्रश्न घेऊन तिथल्या शिक्षकाला फोन करा, म्हणते. जो धीर देऊन फोन ठेवेल, त्याचे आभार माना. जो तुम्हाला परत आत जाऊन बघायला लावेल, त्याच्याकडे ॲडमिशन घ्या.