उजवा यायचा आहे

मराठी भाषेतलं एक क्रियापद कायमचं काढून टाकण्याचा अधिकार कोणाला मिळाला, तर माझ्या बायकोचे मामा ते काम एका दुपारी उरकतील. ते कोणतं, हे मात्र ते सांगणार नाहीत, कारण सांगायचं तर उच्चारावं लागेल. ते क्रियापद म्हणजे ‘जाणे’. घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे पुष्कळ घरांत पाळतात. मामांनी त्याची राज्यघटना केली आहे. लालबागच्या त्यांच्या चाळीत वीज कधी जात नाही, ती यायची असते. क्रिकेटमध्ये विकेट पडली की ते ‘पुढचा आला’ एवढंच म्हणतात, त्यामुळे त्यांच्या शेजारी बसून सामना पाहणाऱ्याला बाद कोण झालं ते समजत नाही. मी वर्तमानपत्रात काम करतो म्हणून निधनवार्तांबद्दलची त्यांची तक्रार थेट माझ्याकडे येते. “जावईबापू, सकाळी सकाळी अमुक तमुक सोडून… ता काय ता, पुढचा शब्द. सरळ ‘निधन’ छापा की! मी निधनाला घाबरत नाही.” हे शेवटचं वाक्य खरं नाही. मामा निधनाला घाबरतात, गॅसच्या नळीला घाबरतात, लिफ्टला घाबरतात आणि लिफ्ट बंद असली तर जिन्याला घाबरतात. असा माणूस बँकेतून निवृत्त झाल्यावर गाडी का घेतो, याचं उत्तर मामींनाही मिळालेलं नाही.

गाडी जुनी, छोटी, राखाडी रंगाची. चाळीच्या आवारात ती उभी असते आणि मामा दिवसाउजेडी तिच्यातून दादरच्या मंडईपर्यंत जाऊन येतात. वळताना ते इंडिकेटर लावतात, वर हातही बाहेर काढतात, आणि तरीही मागच्याला कळलं नसेल म्हणून मामींना मागे वळून पाहायला सांगतात. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला की गाडी कडेला घेऊन थांबतात, मग ती रुग्णवाहिका शेजारच्या रस्त्यावर का असेना. एकदा त्यांनी ज्या भोंग्यासाठी गाडी थांबवली, तो समोरच्या दुकानातल्या टीव्हीवर वाजत होता. “वाजला ना? मग थांबायचं,” मामा म्हणाले. ते गंमत करत नव्हते.

या वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली. तिला दिवस गेल्याची बातमी मामांनी मला ‘तिला दिवस आलेत’ अशी दिली होती आणि क्षणभर मला वाटलं होतं की ती आजारी आहे. आधीच्या खेपेला मध्येच सगळं संपलं होतं. त्याबद्दल त्या घरात कुठलंच क्रियापद वापरत नाहीत. या वेळी नाव घातलं होतं ठाकूरद्वारच्या एका छोट्या प्रसूतिगृहात, कारण ती स्वतः तिथेच जन्मली होती आणि मामांना सिद्ध झालेली जागा बदलायची नव्हती. तिला तिथवर आपणच गाडीतून न्यायचं, हे मामांनी ठरवून टाकलं होतं. टॅक्सीवाला वेळेला मिळेल कशावरून, मिळाला तर नीट चालवेल कशावरून? शिवाय पोरं रात्रीच होतात, असं त्यांचं पक्कं मत होतं. म्हणून दिवस भरत आले तसे ते रोज संध्याकाळी गाडीचे दिवे लावून भिंतीवर पाहू लागले. आणि एका संध्याकाळी भिंतीवर एकच प्रकाश पडला.

“जावईबापू, उजवा यायचा आहे,” मामा फोनवर म्हणाले. बाळंतपण तोंडावर आलेल्या घरातून असा फोन आला की ऐकणारा बाळाच्या हातापायांचा विचार करतो. गाडीचा हेडलाइट म्हणायचंय हे समजायला मला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याबरोबर गाडी घेऊन ऑपेरा हाऊसजवळच्या गाड्यांच्या पार्टांच्या दुकानात गेलो.

“जुना गेला ना? दाखवा,” दुकानदार शेठ म्हणाला.

“गेला नाही हो. थकला,” मामा म्हणाले आणि रुमालात गुंडाळलेला बल्ब त्यांनी काउंटरवर ठेवला.

शेठने तीन खोकी मांडली. साधा पिवळा हॅलोजन, त्याहून जास्त वॅटचा हॅलोजन आणि पांढरा एलईडी. एलईडी लावून दाखवला तेव्हा समोरचं शटर दिवसाढवळ्या उजळलं. मामा दोन पावलं मागे सरकले. “हा समोरच्याच्या डोळ्यांवर आला आणि त्याने आम्हालाच ठोकलं तर?” शेठने ते खोकं मागे घेतलं. “बरोबर बोलता. तुमच्या गाडीची काच हॅलोजनची आहे, यात एलईडीचा उजेड पसरतो. मग हा घ्या, जास्त वॅटचा.” मामांनी खोक्यावरचा बारीक मजकूर वाचला. “याने होल्डर वितळतो का?” “वितळू शकतो.” “आणि गाडीत बाळंतीण असेल तर?” शेठने तेही खोकं मागे घेतलं. “काका, पिवळा घ्या. कंपनीचा. जोडी बदला, दोन्ही बाजूंना सारखा उजेड पडेल.” यावर मामा डाव्या दिव्याकडे पाहत राहिले. “चालू आहे तो. त्याने काय केलंय?”

बल्बच्या काचेला बोट लागलं तर बोटाचं तेल तापून काच तडकते, असं शेठ सहज बोलून गेला. त्यानंतर मामांनी त्याला हात धुवायला लावले, रुमाल दिला आणि वाकून त्याच्या बोटांवर नजर ठेवली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मामी होत्या. बोलणं अर्ध्या मिनिटात संपलं आणि मामांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली शांतता आली. “पोरीचं पोट दुखायला लागलंय. ही म्हणाली, आम्ही येतो, तुम्ही घाई करू नका. टॅक्सीने इथे येतायत. बरंच झालं, वाटेवरच आहे. इथून पुढे मी नेतो.” त्यांनी शेठकडून एक खुर्ची मागून घेतली, ती झटकली आणि सावलीत ठेवली.

दोन्ही दिवे बसले. मामांनी जोडी बदलायलाही होकार दिला. शटरवर दोन सारखे पिवळे गोल पडले. टॅक्सी मात्र दोन तास उलटले तरी आली नाही. ते प्रत्येक टॅक्सीत वाकून पाहू लागले. एका बाईने आतून हातच झटकला. मामी फोन उचलत नव्हत्या. “खंय रवली ही? पुलावर अडकली असतील. टायर बसला असेल. जावईबापू, टॅक्सीवाल्याने मध्येच उतरवलं असेल तर?” खुर्ची रिकामीच होती.

“मामा, मामी नेमकं काय म्हणाल्या?”

“आम्ही येतो. बस, एवढंच.”

“मामी घरातून बाहेर पडताना काय म्हणतात?”

“‘येते’ म्हणते,” मामा म्हणाले. इतकी वर्षं त्या बाईने त्यांच्यासाठी दुसरा शब्द वापरला नव्हता.

“म्हणजे त्या थेट प्रसूतिगृहात गेल्या,” मी म्हणालो. एरवी त्यांनी मला तिथल्या तिथे थांबवलं असतं. त्यांनी फक्त गाडीची चावी शोधली. ती त्यांच्या हातातच होती.

ठाकूरद्वारपर्यंत ते भर उन्हात दोन्ही दिवे लावून गेले. वाटेत दोघांनी ‘काका, लाइट!’ असं ओरडून सांगितलं. मामांना ते ऐकू आलं नाही. प्रसूतिगृहाच्या जिन्यावर त्यांनी कठडाही धरला नाही. वर मामी उभ्या होत्या.

“होतात कुठे? सांगितलं ना, आम्ही येतो म्हणून!”

“मला वाटलं, दुकानात येताय.”

“कळा देणाऱ्या पोरीला घेऊन बल्ब बघायला येणार होते मी?” मामींनी पदराने डोळे पुसले. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते सांगता येत नव्हतं. “मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.”

“दोघी?”

“दोघी हो.”

मामांनी पुन्हा विचारलं, “दोघीही?” आणि मग आत गेले.

लेक दमून झोपली होती. पाळणा नेमका ट्यूबलाइटखाली होता आणि बाळाने डोळे घट्ट मिटून कपाळाला आठ्या घातल्या होत्या. मामा पाळण्यापाशी उभे राहिले. त्यांनी बाळाला हात लावला नाही. फक्त तळहात उघडून बाळाच्या चेहऱ्यावर धरला, सावली पडेल इतक्या उंचीवर. नर्स आली आणि म्हणाली, “काका, जरा बाजूला होता का?” “होतो,” मामा म्हणाले आणि हलले नाहीत. बाळाच्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या. हात अवघडला तसा त्यांनी दुसरा धरला, पण हात बदलतानाही मध्ये उजेड पडू दिला नाही.