चालू झालं म्हणजे बरोबर

नोकरीत मृत्यू पुष्कळ पाहिले, पण भिवापूरकडच्या त्या बाईचं प्रकरण आठवलं की अजूनही हातातलं काम थांबतं.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी नागपुरात फौजदार होतो. एका खासगी दवाखान्यात त्या बाईला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात ती गेली. नवरा मिरची पिकवणारा. तक्रार लिहून घेताना तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "मागल्या खेपेले याच सुईनं तिच्या अंगभर गांधी उठल्या होत्या साहेब. डॉक्टरनं माह्यासमोर ते मशीनमंदी लिहायले लावलं."

मशीन म्हणजे संगणक. दवाखान्याने रुग्णांची कार्डं बंद करून सगळ्या नोंदी त्यावर ठेवल्या होत्या. मी संगणकाचा पडदा पाहिला. बाईच्या नावाखाली पेनिसिलिनचा उल्लेखच नव्हता. डॉक्टर म्हणाले, नर्सने न बघता सुई दिली आणि नंतर नोंद पुसून टाकली. मी नर्सला अटक केली.

"मी पुसलं नाही साहेब," ती म्हणत राहिली. "पडद्यावर जे होतं ते वाचूनच सुई दिली."

आरोपी असंच बोलतात, असं मी हवालदाराला म्हणालो.

खबर दिली दवाखान्यातल्या आयाने. ती नर्ससाठी डबा घेऊन ठाण्यात आली होती. ठाणे अंमलदाराने डबा उघडून तपासला तेव्हा ती त्याच्यावरच उखडली. "त्यात का बंदूक हाये गा? वांग्याची भाजी हाये!" मग माझ्याकडे वळली. "सिस्टरले काहून धरलं साहेब? मशीनच बिघडलं होतं ना. त्याची बॅटरी बदलली, तवापासून ते सारखं अडे. अन् आमचा कंप्युटरवाला बटन दाबून पुढं जाये."

कंप्युटरवाला उमरेडच्या कोष्टी घरातला. घरचे माग विकल्यावर त्याने क्लास करून ही नोकरी धरली होती. घरी बायको आणि म्हातारे आईबाप. मी त्याला चौकशीला बोलावलं. हात उगारावा लागला नाही. विचारलं तेवढं सगळं त्याने सांगितलं.

"बॅटरी संपली की आपल्यात कोणती हार्ड डिस्क आहे, हे मशीन विसरते साहेब. मग सेटअपमधे डिस्कच्या प्रकाराचा नंबर द्यावा लागते. मले माहीत नव्हता. एकेक टाकून पाह्यला. सहावर मशीन चालू झालं. चालू झालं म्हणजे बरोबर, असंच वाटलं."

"मग अडत कुठे होतं?"

"फायली इकडून तिकडे नेताना. वाचता येत नाही म्हणे, अन् विचारे, सोडून देऊ, पुन्हा पाहू की दुर्लक्ष करू? डॉक्टरसाहेब म्हणाले, पेशंट बाहेर बसून राहिले, तू पुढं सरक. मी दुर्लक्ष दाबलं."

अभियांत्रिकी महाविद्यालयातले एक प्राध्यापक बोलावले. त्यांनी मशीनचं झाकण उघडलं, डिस्कवरचं लेबल वाचून पुस्तिकेशी ताडलं. खरा नंबर दोन होता. दोन आणि सहा या दोन्हींत डिस्कचा आकार एकच, म्हणून मशीन सुरू झालं. पण आतल्या वर्तुळांवर लिहिताना दोन नंबरमध्ये जी काळजी घेतली जाते, ती सहामध्ये घेतली जात नाही. तिथे लिहिलेलं बिघडतं. पंचांसमोर त्यांनी सहा नंबर ठेवून एक फाइल हलवली. मशीन अडलं. त्यांनी दुर्लक्ष दाबलं. फाइल पोहोचली, पण मधोमध एका रुग्णाचा मजकूर जाऊन तिथे दुसऱ्याचा आला होता.

एक पंच पानठेलेवाला होता. तो म्हणाला, "साहेब, म्हणजे मशीनले वाचता नाही आलं, तं त्यानं हाताशी होतं ते ठोकून दिलं?"

प्राध्यापक म्हणाले, "अगदी तसंच."

नर्स निर्दोष होती. पण तिला सोडवायचं तर नंबर कोणी टाकला आणि दुर्लक्ष कोणी दाबलं, हे कोर्टात टिकेल असं हवं होतं. पोलिसापुढचा कबुलीजबाब टिकत नाही. म्हणून कंप्युटरवाल्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं ठरलं.

कोर्टाच्या आवारात त्याने विचारलं, "माह्यावर केस होईल का साहेब?"

मला उत्तर ठाऊक होतं. मी म्हणालो, "तुला काही होणार नाही. आत सांगतील, कबुली दिली तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. ती पद्धतच आहे. मला सांगितलंस तेच सांग."

त्याने तेच सांगितलं. नर्सला सोडण्याचा अहवाल मी पाठवला आणि आरोपपत्र त्याच्या नावाने. डॉक्टर म्हणाले, मला संगणकातलं काय कळतं? त्यांच्या तोंडी हुकमाला साक्षीदार नव्हता. ते फिर्यादी पक्षाचे साक्षीदार झाले. जो खरं बोलला, त्यालाच शिक्षा झाली.

जबाबाची नक्कल मी नंतर वाचली. मॅजिस्ट्रेटने त्याला विचारलं होतं, पोलिसांनी काही आश्वासन दिलं आहे का? खाली उत्तर होतं, नाही.

शिक्षेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मी त्याला गाठलं. "माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तुमच्या नोकरीचं काही झालं असतं ना," तो म्हणाला आणि शिपायाबरोबर निघाला.

त्यानंतर कोणत्याही आरोपीला मी 'काही होणार नाही' म्हटलं नाही. काय होऊ शकतं ते आधी सांगायचो. ऐकून काहींनी कबुली दिली नाही आणि माझ्या काही खटल्यांतले आरोपी सुटले. वरिष्ठांनी कारण विचारलं. मी तपासात कमी पडलो, असं लिहून दिलं.